यंत्राची दृष्टी

यंत्राला ना आप, ना पर. म्हणून ते नि:पक्षपाती असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती सर्वथा खरी नाही.

अमेरिकेतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेत जॉय बुओलाम्विनी ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी संशोधन करीत होती. चेहरा ओळखणाऱ्या संगणकासमोर ती बसली. पण त्याला तिचा चेहरा दिसेचना! अखेर तिने तोंडावर पांढरा मुखवटा चढविला. आणि काय आश्चर्य! संगणकाने तो निर्जीव मुखवटा तत्काळ चेहरा म्हणून मान्य केला.

जॉय खचली नाही. २०१८ साली तिने टिम्निट गेब्रू या विदुषीसह तीन कंपन्यांच्या अशा प्रणालींची परीक्षा घेतली. छायाचित्रावरून स्त्री की पुरुष, एवढेच सांगायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका शेकडा एकाहूनही कमी झाल्या. सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र एका प्रणालीच्या चुका शेकडा ३४ हून अधिक निघाल्या!

असे का व्हावे? यंत्र असंख्य छायाचित्रे पाहून शिकते. जे चेहरे त्याला थोडे दाखविले जातात, तेथे ते अडखळते. दोष यंत्राच्या मनाचा नव्हे, त्याला मनच नाही. उणीव शिकविणाऱ्यांच्या दृष्टीत होती.

अशी चूक क्षुल्लक नव्हे. २०२० साली डेट्रॉइटच्या पोलिसांनी यंत्राच्या चुकीच्या साक्षीवर विसंबून एका निरपराध कृष्णवर्णीय गृहस्थाला त्याच्या लहान मुलींदेखत बेड्या घातल्या.

यंत्राने सुचवावे, न्याय मात्र माणसानेच, पूर्ण विचारांती करावा.