पुन्हा दिल्ली, पण या वेळी लश्करच्या वाटेने



नोव्हेंबरअखेर आठवी-नववीच्या मुलांची दोन दिवसांची सहल दिल्लीला न्यायची असे ठरले, तेव्हा पालकसभेत पहिलाच प्रश्न आला, "बाई, पुन्हा दिल्लीच का? मुलांनी पाहिलेली आहे." प्रश्न रास्त आहे. ग्वाल्हेरहून दिल्ली जेमतेम तीनशे किलोमीटर. लग्नकार्य, परीक्षा, दवाखाना, काही ना काही निमित्ताने आपले जाणे होतेच, आणि मोकळा दिवस मिळाला की कुतुबमिनार, इंडिया गेट, कमळाचे मंदिर उरकून आपण परतीची गाडी धरतो. मीही तशी चार-पाच वेळा जाऊन आले आहे. म्हणून विश्वस्त मंडळाने सुचवले की सहलीआधी या पत्रिकेत एक पाठच द्यावा.

पाहिलेले शहर दुसऱ्यांदा पाहताना सगळे पाहायचे नसते, एक धागा धरायचा असतो. आपला धागा घरचाच आहे. नववीच्या वर्गात मी विचारले, "आपल्या भागाला लश्कर का म्हणतात?" उत्तर लगेच आले, "इथे छावणी होती." कोणाची? "शिंद्यांची." मग ती छावणी इथेच का पडली, त्याआधी ही फौज कुठे होती? वर्ग गप्प. या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिल्लीत आहे.

पाठ गाडीतच सुरू होईल. मुरैना मागे पडले की चंबळ ओलांडायची, मग धौलपूर, आग्रा, मथुरा. खिडकीतून दिसणाऱ्या या सर्व मुलखात अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांचा अंमल किंवा वचक होता. आग्र्याचा किल्ला ऑक्टोबर 1803 पर्यंत शिंद्यांकडे होता. मथुरेत महादजींचा मुक्काम अनेकदा असे. तेव्हा मोबाइल जरा बाजूला ठेवून बाहेर पाहावे, ही विनंती.

पहिला दिवस लाल किल्ल्याचा. मेट्रोचे स्थानक आता किल्ल्याच्या दारातच आहे. आत गेल्यावर बाजारात रेंगाळू नका, थेट दिवाण-इ-खासपर्यंत चला. संगमरवरी खांब, त्यांवर फुलांची जडावाची नक्षी. तिथे उभे राहून वर बघा. आज दिसते ते रंगवलेले लाकडी छत नंतरचे आहे. पूर्वी इथे चांदीचे छत होते. 1739 मध्ये नादिरशहाने मयूरासन नेले, आणि 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतल्यावर हे चांदीचे छत काढून वितळवले गेले. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये आल्याचे इतिहासकार लिहितात. फौजेचा पगार थकलेला, पुण्याहून पैसा येत नव्हता, समोर अब्दाली. कारण समजते. तरी छत काढले ते आपल्या माणसांनीच.

हे मुलांना सांगू नये, असे एका पालकांचे मत पडले. त्यांचा मुद्दा असा की परक्या प्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलाला अभिमान वाटेल तेवढेच सांगावे. मला हे पटत नाही. शाळेतल्या इतर भाषक मित्राने हीच गोष्ट उद्या तोंडावर मारली, तर आपल्या मुलाकडे उत्तर हवे की नको? शिवाय त्याच दालनाची पुढची गोष्ट सांगायची, तर ही आधी सांगावीच लागते.

पुढची गोष्ट अशी. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी सारे संपल्यासारखे झाले. महादजी पायाला कायमची जखम घेऊन वाचले. राणेखान नावाच्या एका भिश्त्याने त्यांना वाचवले. दहा वर्षांनी, 1771 मध्ये, मराठ्यांनी पुन्हा दिल्ली घेतली, आणि अलाहाबादेत इंग्रजांच्या आश्रयाला राहिलेला बादशहा शाह आलम जानेवारी 1772 मध्ये मराठ्यांच्या संरक्षणात आपल्या राजधानीत परतला. 1784 मध्ये त्याने 'वकील-इ-मुतलक' हे पद पेशव्यांना दिले आणि त्यांचे नायब म्हणून कारभार महादजींकडे आला. वकील, नायब, दरबार, फौज, खजिना हे आपले रोजचे मराठी शब्द कोणत्या दारातून घरात आले, याचा भाषेच्या तासाला विचार करू.

1788 च्या ऑगस्टमध्ये याच किल्ल्यात गुलाम कादिर घुसला आणि त्याने खजिन्याच्या लोभाने वृद्ध शाह आलमचे डोळे काढले. हा नजीबखानाचा नातू, त्याच नजीबाचा, ज्याने अब्दालीला साथ दिली होती. महादजींची कुमक पोहोचायला उशीर झाला, हेही लिहून ठेवा. ऑक्टोबरात मराठी फौजेने किल्ला सोडवला. त्या फौजेचा सेनापती होता राणेखान, पानिपतचा तोच भिश्ती. महादजी त्याला भाऊ मानत. अंध बादशहाला पुन्हा गादीवर बसवले गेले. एकाच दालनात अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने आपली माणसे दोन वेळा आली, एकदा छत काढायला, एकदा बादशहाला वाचवायला. मुलांनी दोन्ही पाहावे आणि काय वाटले ते आपापल्या शब्दांत लिहावे. मी उत्तर सांगणार नाही.

एवढे झाल्यावर भूक लागणारच. समोरच चांदनी चौक. 2021 पासून मधला रस्ता दिवसा मोटारींना बंद आहे, त्यामुळे मुलांना नेणे पूर्वीपेक्षा सोपे. पराठेवाल्या गल्लीत पराठे तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात. सोबत भोपळ्याची भाजी आणि चिंचेची गोड चटणी. एका मुलाने दीड पराठ्यावर थांबावे, हा माझा सल्ला, कारण दरीबा गल्लीच्या तोंडाशी जाड, साजूक तुपातली जिलबी आहे. (घरी आजी 'जिलबी' म्हणते आणि आपण 'जलेबी'. सहलीत जो 'जिलबी' म्हणून मागेल त्याची पहिली बशी माझ्याकडून. हलवायाला कळले नाही तर बोटाने दाखवावे.) थंडीत गाडीवर 'दौलत की चाट' मिळते. नावाला चाट, पण ती दुधाचा फेस, वर केशर आणि थोडी साखर. चमचा तोंडात जाईपर्यंत विरते. ती उन्हाळ्यात टिकत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात, म्हणून नोव्हेंबरअखेर निवडली. त्या दिवसांत दिल्लीची हवा खराब असते. मास्क सर्वांनी आणायचा आहे.

घंटेवाला हे मिठाईचे दुकान 1790 चे असे सांगतात, म्हणजे महादजींच्या अमदानीतले. 2015 मध्ये ते बंद पडले तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठ्या बातम्या दिल्या होत्या. गादीवर कोणीही असो, कारभार कोणाचाही असो, मिठाई विकली जाण्याइतकी शांतता शहरात असली पाहिजे, एवढे त्या सालावरून मला वाटते.

दुसऱ्या दिवशी तालकटोरा. 1737 मध्ये बाजीराव पेशवे अचानक दिल्लीच्या वेशीवर येऊन थडकले, तेव्हा मोगल फौजेशी चकमक याच परिसरात झाली. तिथल्याच स्टेडियममध्ये फेब्रुवारी 2025 मध्ये 98 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्षा तारा भवाळकर. आपल्या ग्वाल्हेरनेही 1961 मध्ये संमेलन भरवले होते. कुसुमावती देशपांडे तेव्हा अध्यक्षा होत्या, संमेलनाच्या इतिहासातील पहिल्या महिला अध्यक्षा. ज्यांच्या आजी-आजोबांनी ते पाहिले असेल त्यांनी विचारून घ्यावे. दुपारी दिल्ली हाटला महाराष्ट्राच्या पदार्थांचा स्टॉल शोधू, आणि तिथला वडा आपल्या घरच्या वड्यापुढे टिकतो का ते ठरवू.

बुराडीला वेळेअभावी जाता येणार नाही. यमुनेच्या त्या घाटावर 10 जानेवारी 1760 रोजी महादजींचे थोरले बंधू दत्ताजी पडले. आज तिथे दाट वस्ती आहे. नकाशावर मात्र जागा दाखवू. तसेच पटपडगंज. 11 सप्टेंबर 1803 रोजी तिथे जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. आपल्या बाजूचा सेनानी बूर्क्यँ हा फ्रेंच होता. इंग्रजांनी या लढाईचा स्तंभ उभारला, तो आता नोएडाच्या गोल्फ मैदानाच्या आवारात आहे.

वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर इथे लागते. त्या पराभवानंतर डिसेंबर 1803 मध्ये सुर्जी-अंजनगावचा तह झाला. दिल्ली, आग्रा आणि गंगा-यमुनेमधला दुआब दौलतराव शिंद्यांच्या हातून गेला. ग्वाल्हेरचा किल्लाही गेला होता, तो 1805 च्या तहाने परत मिळाला. 1810 मध्ये दौलतरावांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली. तंबूंची घरे झाली, घरांच्या गल्ल्या, गल्ल्यांचा बाडा. जिथून फौज हरून निघाली ते शहर आपण पाहायला चाललो आहोत, आणि ती जिथे येऊन थांबली तिथे राहतो आहोत.

सहलीला सोमवार नको, लाल किल्ला सोमवारी बंद असतो. म्हणून शुक्रवारी पहाटे निघून शनिवारी रात्री परत. प्रत्येकाने एक वही, पाण्याची बाटली, मास्क आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एक माहिती आणावी: आपले घराणे ग्वाल्हेरला केव्हा आणि कोणाबरोबर आले. ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" असेच लिहावे, बनवून लिहू नये. पालकांनी संमतिपत्र येत्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे.