वऱ्हाडचा राजपुत्र

राजाची गादी थोरल्या मुलाला मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. वऱ्हाडचे उदाहरण निराळे आहे. १८५३ पासून येथील कारभार इंग्रजांकडे, तर मालकी नावापुरती हैदराबादच्या निजामाकडे होती. १९३६ च्या करारानंतर निजामाचे वारस आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचे राजपुत्र, हा किताब मिळाला. अकोला-पातुरावर मात्र त्यांनी कधी राज्य केले नाही. १९६७ मध्ये निजाम मीर उस्मान अली वारले, तेव्हा थोरला मुलगा हयात असूनही वारसा नातू मुकर्रम जाह यांच्याकडे गेला. भारत सरकारने तो मान्य केला. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ही मान्यताच रद्द झाली. तात्पर्य, वारसा रक्ताने सांगितला जातो. टिकतो तो मान्यतेवर. किताब देताना वऱ्हाडच्या रयतेला मात्र कोणीच विचारले नव्हते.