शिवाजी पार्कचे दोन फलंदाज आणि सरासरीचा धडा

पाच संख्या द्या, बेरीज करून पाचने भागा म्हटलं की मुलं पटापट उत्तर काढतात. पण सरासरी काय सांगते आणि काय लपवते, असं विचारलं की वर्ग गप्प. अशा वेळी दादरच्या मुलांपुढे दोन नावं ठेवून बघा: सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी. दोघेही शारदाश्रमचे, शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेले. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये त्यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्यात सचिन नाबाद ३२६ आणि विनोद नाबाद ३४९.

आता फळ्यावर कसोटीचे आकडे लिहा.

तेंडुलकर: २०० कसोटी, ३२९ डाव, ३३ वेळा नाबाद, १५,९२१ धावा
कांबळी: १७ कसोटी, २१ डाव, १ वेळा नाबाद, १,०८४ धावा

बरीच मुलं धावांना डावांनी भागतील. भागू द्या. मग सांगा, क्रिकेटमध्ये भागायचं ते किती वेळा बाद झाला त्याने, म्हणजे २९६ आणि २० ने. उत्तर येतं सचिन ५३.७८, विनोद ५४.२०. ‘म्हणजे कांबळी भारी?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. आपण लगेच उत्तर द्यायचं नाही.

विनोदची दोन द्विशतकं, २२४ आणि २२७, बाजूला काढायला सांगा. उरलेल्या १९ डावांत ६३३ धावा, सरासरी ३५.१७. सचिनचे सर्वांत मोठे दोन डाव, नाबाद २४८ आणि नाबाद २४१, काढले तरी सरासरी ५२ च्या वरच राहते. (ते नाबाद असल्याने भाजक २९६ च राहतो, ही गंमत हुशार मुलं पकडतात.) नोंदी कमी असल्या की एक-दोन मोठ्या संख्या सरासरीला कुठल्या कुठे नेतात, हे इथे न सांगता कळतं.

पुढची पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. विनोदचे डाव क्रमाने बघा. पहिल्या ८ डावांत ७९३ धावा, सरासरी ११३.२८. नंतरच्या १३ डावांत २९१, सरासरी २२.३८. ५४ हा आकडा या दोनपैकी कुठल्याच काळातला नाही!

मात्र मुलांनी ‘म्हणजे कांबळी फुकटचा’ असं म्हटलं तर तिथेही अडवा. नोव्हेंबर १९९५ मधल्या शेवटच्या कसोटीच्या वेळी तो फक्त २३ वर्षांचा होता. सचिन चाळिशीपर्यंत खेळला, त्याच्या सरासरीत बहराची वर्षं आहेत तशी उतरतीचीही. न खेळलेले डाव कुठल्याच तक्त्यात नसतात. शिस्त, तंत्र, निवड समिती यांवर कट्ट्यावर अजून वाद होतात, पण या आकड्यांवरून तो निकाल लागत नाही.

घरी पालकांनी असंच मुलांच्या चाचणीचे गुण घेऊन करून बघावं: आधी टक्केवारी, मग सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून, मग महिन्यांच्या क्रमाने. क्रमाचा आलेख मात्र मुलालाच काढू द्या.