जमिनीच्या पोटातील थर

मुलांनो, नव्याने खणलेल्या विहिरीची कड तुम्ही निरखून पाहिली आहे काय? दख्खनच्या पठारावर तीत बहुधा तीन थर दिसतात. वर काळी माती, तिच्याखाली मळकट पिवळा मुरूम आणि तळाशी कातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा हा कातळ. तो झिजून ठिसूळ झाला की मुरूम होतो आणि मुरूम झिजून माती.

रंग ही पहिली खूण खरी. परंतु केवळ रंगावर विसंबू नये. काळी माती म्हणजे भरपूर कुजलेला पालापाचोळा, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक आपल्या काळ्या मातीत तो थोडाच असतो! म्हणून माती हाती घ्यावी. ओली काळी माती बोटांना चिकटते, तिची लांब वळी होते. वाळली की तिला भेगा पडतात. मुरूम खरखरतो, त्याची वळी होत नाही. खोल मातीत पांढरे खडे आढळल्यास ते कुटून त्यांवर लिंबाचा रस पिळावा. बारीक बुडबुडे आले, तर ती चुनखडी समजावी.

काळा थर वीतभरच असेल, तर पावसाने ओढ देताच पीक माना टाकते. तोच दोन हात खोल असला, तर सोलापूरकडील शेतकरी साठलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढतो.