जास्तीचे पेट्रोल जाते कुठे?

अमरावतीत राहणारे एक शिक्षक आहेत, अशी कल्पना करा. बडनेऱ्यावरून मूर्तिजापूर-अकोल्याकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या एका गावात त्यांची शाळा आहे. जाऊन येऊन रोजचे ४८ किलोमीटर. महिन्यात शाळेचे २५ दिवस धरले, तर १२०० किलोमीटर होतात. त्यांची मोटारसायकल लिटरला ६० किलोमीटर चालत असे. एका महिन्यात ती एकदम ४५ वर आली.

गुरुजींनी चार जणांना विचारले आणि चार उत्तरे मिळाली. शेजारी म्हणाले, "पेट्रोलात इथेनॉल मिसळतात ना, त्याचाच परिणाम." एका सहकाऱ्याने समोरच्या वाऱ्याला दोष दिला. दुसरा म्हणाला, "चाकात हवा कमी असेल." मिस्त्रीने इंजिनाचा आवाज ऐकला आणि मान हलवली, "गुरुजी, इंजिन खोलावे लागेल." इंजिन खोलायचे म्हणजे काही हजारांचा खर्च!

विद्यार्थी मित्रांनो, ही चारही कारणे खरी असू शकतात. प्रत्येकाने ॲव्हरेज कमी होतेच. मग त्यांतले नेमके कोणते धरायचे? यासाठी विज्ञानाजवळ एक साधा प्रश्न आहे. "हे कारण आहे का?" एवढे विचारून आपण थांबायचे नाही. "हे कारण पुरेसे मोठे आहे का?" असेही विचारायचे. हाच प्रश्न घेऊन आपण गुरुजींच्या गाडीची तपासणी करू.

आधी मोजमाप तपासा

पहिला संशय गाडीवर घेऊ नये, तो आपल्या मोजमापावर घ्यावा. गुरुजींनी दोन लिटर पेट्रोल टाकले आणि काटा खाली येईपर्यंत किती किलोमीटर झाले ते पाहिले. काट्याच्या अंदाजात अर्धा लिटर इकडचे तिकडे सहज होते. दोन लिटरांत अर्ध्या लिटरची चूक म्हणजे २५ टक्के चूक! ६० चे ४५ दाखवायला ती पुरेशी आहे.

म्हणून योग्य रीत अशी. टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरावी आणि किलोमीटरचा आकडा टिपावा. नेहमीप्रमाणे गाडी चालवावी. टाकी बरीच रिकामी झाली की त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरावी. दुसऱ्या वेळी जितके लिटर मावले, तितके खर्च झाले. हे दोनतीनदा करून बेरीज घेतली की चूक आणखी लहान होते.

किलोमीटरचा आकडाही खोटा असू शकतो. जुन्या गाडीत मीटरची तार मधूनमधून अडकते. अंतर कापले जाते, पण आकडा पुढे सरकत नाही. महामार्गाच्या कडेचे किलोमीटरचे दहा दगड ओलांडून मीटरशी ताडून पाहिले की याचा उलगडा होतो.

गुरुजींनी हे सगळे केले. आकडा ४५ च आला. म्हणजे घट खरी होती.

येथे एक गंमत लक्षात घ्या. ॲव्हरेज ६० वरून ४५ वर आले, म्हणजे ते पावपट घटले. पण पेट्रोल किती वाढले? १२०० किलोमीटरला पूर्वी २० लिटर लागत, आता सुमारे २६.७ लिटर लागतात. म्हणजे खर्च एक तृतीयांशाने वाढला. लिटरला शंभर रुपये धरले, तरी महिन्याला सुमारे ६७० रुपये जास्त!

एका लिटरचा हिशेब

आज पंपावर मिळणाऱ्या एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ ३ कोटी जूल ऊर्जा असते. ठिणगी पडली की ते हवेबरोबर जळते, तापलेला वायू प्रसरण पावतो आणि दट्ट्याला ढकलतो. परंतु बहुतेक उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाच्या पंख्यांवाटे बाहेर जाते. चाकापर्यंत पोहोचतो तो साधारण पाचवा हिस्सा.

लिटरला ६० या हिशेबाने ४८ किलोमीटरला ०.८ लिटर लागते, म्हणजे २ कोटी ४० लाख जूल. त्याचा पाचवा हिस्सा ४८ लाख जूल. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे सूत्र तुम्ही शिकला आहात. ४८ लाखांना ४८,००० मीटरांनी भागा. उत्तर १०० न्यूटन. इतक्या सरासरी विरोधाशी झगडत गाडी शाळेत जाते आणि परत येते.

हा विरोध कोण करतो? गाडी आणि गुरुजी मिळून १९० किलोग्रॅम धरू. चाके रस्त्यावर दबतात, त्यामुळे वजनाच्या साधारण दीड टक्का, म्हणजे सुमारे २८ न्यूटन विरोध होतो. सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाने जाताना हवेचा विरोध सुमारे ५४ न्यूटन असतो. उरलेले १८ न्यूटन साखळीचे घर्षण आणि वाटेतले थांबणे-निघणे यांत जातात.

आता तोच हिशेब ४५ साठी करा. विरोध १३३ न्यूटन येतो. म्हणजे आपण ज्याला शोधत आहोत, त्याची ओळख पटली. एक तर तो गाडीला सुमारे ३३ न्यूटनांनी मागे ओढत असला पाहिजे, नाहीतर तितकेच इंधन इंजिनाजवळ वाया घालवीत असला पाहिजे. आता एकेक संशयित या मापाने तपासू.

इथेनॉल : फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भारतात मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. त्याआधी हे प्रमाण १० टक्के होते. शुद्ध पेट्रोलच्या लिटरात सुमारे ३.२ कोटी जूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरात २.१ कोटी. यावरून १० टक्क्यांच्या मिश्रणात ३.०९ कोटी आणि २० टक्क्यांच्या मिश्रणात २.९८ कोटी जूल येतात. घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास. या हिशेबाने ६० चे ५८ होतील. ४५ होणार नाहीत. शेजाऱ्यांचे कारण खरे आहे, पण लहान आहे.

वारा : पावसाळ्यात वऱ्हाडात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. अमरावतीहून अकोल्याच्या दिशेला जाणाऱ्याच्या तो तोंडावर बसतो. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाडीचा वेग १२ आणि समोरच्या वाऱ्याचा ३ मीटर असेल, तर १५ चा वर्ग २२५. परतताना वारा पाठीशी असतो, तेव्हा ९ चा वर्ग ८१. दोन्हींची सरासरी १५३. वारा नसता, तर १२ चा वर्ग १४४. म्हणजे जाण्यायेण्यात मिळून वाढ सहा टक्क्यांची, सुमारे ३ न्यूटन. सकाळी गुरुजींना वाऱ्याने जे छळले, त्यातले बरेचसे संध्याकाळी परत मिळाले.

चाकातली हवा : हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि तापतो. पण २८ न्यूटनांत ३३ ची भर पडायला विरोध दुपटीहून जास्त व्हावा लागेल. इतका बसलेला टायर लांबूनही दिसतो आणि गाडी वळणावर डुलू लागते. थोड्या कमी हवेने तीनचार न्यूटनच वाढतील. तरी हवा नियमित तपासावीच, कारण दबलेला टायर लवकर झिजतो आणि उन्हाळ्यातल्या तापलेल्या रस्त्यावर फुटण्याचाही धोका असतो.

रस्ता : ब्रेक लावून गाडी थांबवली की तिची गतिज ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. १२ मीटर वेगाला ही ऊर्जा सुमारे १३,७०० जूल आहे. ३३ न्यूटनांचा खर्च २४ किलोमीटरांत भरून काढायचा, तर जवळजवळ ५८ वेळा पूर्ण थांबावे लागेल. खड्ड्यांच्या किंवा वळण काढलेल्या रस्त्यावर असे होऊ शकते. याच महामार्गावर लोणी ते माना या भागात ३ ते ७ जून २०२२ या काळात १०५ तास ३३ मिनिटे अखंड काम करून ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर अंथरण्यात आला, आणि त्याची गिनीज विक्रम म्हणून नोंद झाली. त्या कामाच्या आधीचे आणि नंतरचे ॲव्हरेज ज्यांनी टिपले असेल, त्यांना रस्त्याचा परिणाम आकड्यांत पाहता येईल. मात्र आपल्या गुरुजींचा रस्ता त्या महिन्यात बदललेला नव्हता.

इंजिन : जास्तीचे पेट्रोल नीट न जळता बाहेर पडत असेल, तर खूण राहतेच. धूर काळा होतो, प्लगवर काजळी बसते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत हवेची गाळणी काळ्या मातीच्या धुळीने किंवा कापसाच्या तंतूंनी चोंदली, अथवा चोक ओढलेला राहिला, तर असे घडते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानक लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक दुचाकींत इंधन फवारणीचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. तेथे गाळणी चोंदली, तर जोर कमी होतो, पण यंत्रणा हवा पाहून पेट्रोलही कमी सोडते. अशा गाडीत बिघाडाचा दिवा लागला आहे का ते आधी पाहावे. गळतीचाही विचार करावा. रोज पाव लिटर गळत असेल, तर वास येईल. असा वास आला, तर काडी पेटवू नये आणि गाडी सुरू करू नये.

गुरुजींच्या प्लगवर फिकट तपकिरी रंग होता. काळा धूर नव्हता, वास नव्हता. शिवाय इंजिनाची झीज हजारो किलोमीटरांत हळूहळू होते. तिने एका महिन्यात पावपट ॲव्हरेज घटत नाही.

"एकदम" या शब्दाचे महत्त्व

जे एकाएकी घडले, त्याच्यामागे बहुधा एखादी एकाएकी घडलेली गोष्ट असते. म्हणून गुरुजींनी वही उघडली. ॲव्हरेज घटायच्या आठवड्यातच एक नोंद होती : "मागचा ब्रेक आवळून घेतला."

ब्रेक सतत घासत असेल, तर हिशेब काय सांगतो? ३३ न्यूटन गुणिले १२ मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४०० जूल, अर्थात ४०० वॅट. एखादी लहान इस्त्री चाकात चालू ठेवावी, तसे हे झाले! एवढी उष्णता लपून राहणार नाही. गुरुजी नेहमीच्या वेगाने शाळेत पोहोचले, शेवटी ब्रेक फारसा न लावता गाडी थांबवली आणि मागच्या ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले. थेंब चर्र करून उडाले. पुढच्या ड्रमवर ते नुसते ओघळले. नंतर ड्रम निवल्यावर गाडी मोठ्या स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवले. ते एक फेराही पूर्ण न करता थांबले.

मिस्त्रीने ब्रेकच्या पायपट्टीला पुस्तिकेत सांगितल्याइतकी ढिलाई दिली. लक्षात ठेवा, ब्रेक नको तितका सैल करणे हे आवळण्यापेक्षाही घातक आहे. म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. ब्रेक असाच घासत राहिला असता, तर पेट्रोल तर गेलेच असते, पण तापलेला ब्रेक ऐन वेळी नीट धरलाही नसता.

त्या दिवशी गुरुजींनी आणखी एक शहाणपणा केला. गाळणी, प्लग, हवा, ब्रेक असे सगळे एकदम बदलले नाही. एकच बदल केला आणि टाकी भरून पुन्हा मोजले. आकडा ५९ आला. सगळे एकदम बदलले असते, तर गाडी सुधारली असती, पण कशाने सुधारली ते कळले नसते. इंजिन मात्र न खोलताच राहिले.

ऊर्जा नाहीशी होत नाही, पदार्थही नाहीसा होत नाही. जास्तीचे पेट्रोल कुठेतरी उष्णता, काजळी, वास किंवा ओलावा होऊन उरतेच. त्याची जागा शोधायची आणि त्याचे माप घ्यायचे, एवढेच आपले काम.

करून पाहा

१. सायकल उलटी उभी करा. मागचे चाक एका जोराने फिरवून ते किती सेकंदांत थांबते ते मोजा. मग ब्रेकचा रबर कडेला जेमतेम लागेल असा ठेवून पुन्हा मोजा. प्रयोगानंतर ब्रेक पूर्ववत करायला विसरू नका.

२. शाळेच्या मैदानातल्या सौम्य उतारावरून सायकल पायडल न मारता सोडा आणि ती किती अंतरावर थांबते ते मोजा. चाकातली थोडी हवा काढून पुन्हा मोजा. प्रत्येक प्रयोग तीनदा करून सरासरी घ्या.

३. घरच्या गाडीचे ॲव्हरेज टाकी भरण्याच्या रीतीने तीन महिने टिपून ठेवा. हवा भरली, दुरुस्ती केली, रस्ता बदलला, तर तारीख लिहा.

विचार करा

अमरावतीपेक्षा अकोला साधारण ६० मीटरांनी सखल आहे. १९० किलोग्रॅमची गाडी ६० मीटर वर चढवायला किती जूल लागतील? त्यासाठी पेट्रोल किती लागेल? अकोल्याहून अमरावतीला येताना ॲव्हरेज फार कमी मिळाले, तर दोष चढाला देता येईल का?