वालाच्या दाण्यातील जीवरसायन : डॉ. कमला सोहोनी यांची संशोधन-साधना

भाताची कापणी आटोपली की शेतातील उरलेल्या ओलाव्यावर अळसांदे, वाल यांसारखी कडधान्ये पेरण्याची पद्धत आपल्या पेडणे व डिचोली तालुक्यांत जुनी आहे. ज्या दिवशी ताटात मासळी नसते, त्या दिवशी शरीराला प्रथिने पुरविण्याचे काम ही कडधान्येच करतात. ती रात्रभर भिजत घालावीत, जमल्यास मोड आणावेत आणि नीट शिजवूनच खावीत, हा आपल्या घरोघरचा नियम. या नियमामागचे कारण प्रयोगशाळेत शोधणाऱ्यांमध्ये एका मराठी विदुषीचे स्थान मोठे आहे. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म 1911 साली भागवत कुटुंबात झाला. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. परंतु संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई डगमगल्या नाहीत. नकाराचे कारण सांगा, असा आग्रह त्यांनी धरला. अखेर एक वर्ष कसोटीवर राहण्याच्या अटीने प्रवेश मिळाला. वर्षभराचे त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेची दारे पुढील विद्यार्थिनींनाही खुली झाली.

बंगळुरात श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिजला सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे श्वसनक्रियेला आवश्यक असे प्रथिन आढळले. 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघ्या 40 पानांचा होता. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

आता कडधान्यांकडे वळू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. मुख्यतः 20 प्रकारच्या अमिनो आम्लांपासून सजीवसृष्टीतील असंख्य प्रथिने बनतात. कोणते आम्ल कोणत्या क्रमाने यावे, हे पेशीतील जनुकांत लिहिलेले असते. काही प्रथिनांना शर्करेच्या लहान लहान साखळ्या जोडलेल्या असतात; त्यांना ग्लायकोप्रथिने म्हणतात. आपल्या तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर अशा शर्करा असतात. ए आणि बी या रक्तगटांतील भेद अशाच शर्करांच्या फरकाने ठरतो.

अनेक कडधान्यांत शर्करा नेमकी ओळखून तिला चिकटणारी प्रथिने असतात. त्यांतील बरीचशी स्वतःही ग्लायकोप्रथिनेच असतात. ती परीक्षानळीतील रक्तात मिसळली, तर एकेक प्रथिन दोन-दोन पेशींना धरते आणि पेशींच्या गुठळ्या होतात. याखेरीज कडधान्यांत ट्रिप्सिनरोधकही असतात. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यातील प्रथिने पचविणारे विकर. त्याचे काम हे रोधक अडवितात. कच्चे दाणे बाधतात ते या अशा कारणांनी. भिजविण्याने व मोड आणण्याने हा दोष कमी होतो. पण खरा उपाय उकळत्या पाण्यात पुरेसे शिजविणे हाच, कारण उष्णतेने या प्रथिनांची घडी मोडते.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक असताना कमलाबाईंनी हाच विषय हाती घेतला. भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिनरोधकांवर त्यांनी 1954 मध्ये, तर वालातील रक्तपेशींच्या गुठळ्या करणाऱ्या प्रथिनांवर 1965 मध्ये सहकाऱ्यांसह निबंध प्रसिद्ध केले. वालातील ते प्रथिन त्यांनी वेगळे काढले आणि उंदरांना खाऊ घालून त्याचा वाढीवर होणारा परिणामही तपासला. माडाच्या झाडावरून काढलेली सूर आपल्या परिचयाची आहे; तसाच ताडवृक्षांचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. तिच्यातील पोषकतेचा त्यांनी अभ्यास केला व त्यासाठी राष्ट्रपतींचे पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. 1998 साली त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, कमलाबाईंनी आपल्या विद्येचा विषय गरिबाच्या पानातून निवडला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या देशात पुष्कळांना दूध व मांस परवडत नाही, तेथे कडधान्यांतील प्रथिन अंगी लागते की वाया जाते, हा बालकांच्या वाढीचा प्रश्न असतो. आणि विद्यार्थिनींनो, आज प्रयोगशाळेत तुम्ही परीक्षानळी हाती घेता, तेव्हा तुम्हांला कोणी अडवीत नाही. तो अधिकार 22 वर्षांच्या एका मुलीने एक वर्ष कसोटीवर उभे राहून मिळविलेला आहे. त्याचा पुरेपूर उपयोग करणे, हेच तिचे ऋण फेडणे होय.