कोलकाता : वादळाच्या सूचनेपासून हवेच्या निर्देशांकापर्यंत

५ ऑक्टोबर १८६४ रोजी आलेल्या चक्रीवादळाने कोलकाता व हुगळीकाठच्या प्रदेशात सुमारे ६० हजार बळी घेतले. पुढच्याच वर्षी या बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ साली भारतीय हवामान विभाग स्थापन झाला, तोही याच शहरात. हेन्री ब्लॅनफोर्ड हे त्याचे पहिले प्रमुख होत. मुख्यालय पुढे सिमला, पुणे व १९४४ मध्ये दिल्ली येथे गेले.

आज शहरावर येणारे दुसरे संकट मात्र गर्जना करीत येत नाही. हिवाळ्यात तापमानाच्या विपरीततेमुळे जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, वाराही मंद असतो. परिणामी वाहनांचा व जळणाचा धूर, धूळ तेथेच साचून राहते. पावसाळ्यातही वाहने तीच असतात, पण हवा धुऊन निघते. म्हणून प्रदूषणाचा अंदाज हा बव्हंशी हवामानाचाच अंदाज असतो.

२०१५ पासूनच्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषकांचा विचार होतो. निर्देशांक ही त्यांची सरासरी नव्हे (परीक्षार्थी येथेच चुकतात). ज्या प्रदूषकाचा उपनिर्देशांक सर्वाधिक, तोच शहराचा निर्देशांक. सूक्ष्म धूलिकणांसाठी मात्र २४ तासांची सरासरी घेतली जाते. पहाटे मैदानावर फिरावयास निघालेल्या दमेकऱ्यास त्यामुळे सरलेल्या दिवसाचा हिशेब मिळतो. त्याला गरज असते पुढील काही तासांच्या अंदाजाची. असा अंदाज देणारी ‘सफर’ ही सेवा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत प्रथम सुरू केली. नंतर ती पुणे व मुंबईतही आली.